केवड्याला वळसा

१

आमच्या पाखाडीच्या सरळ आखणीला कुणीतरी पोट आणलं, हे मला मंगळवारी सकाळी शाळेची पहिली घंटा व्हायच्या आधी कळलं. हिरामण नाखवा पायरीशी उभा होता. त्याच्या हातात उपटलेली एक खुंटी होती आणि चेहरा असा होता की मुलं आपणहून ओळीत बसली.

माडखार हे थळ आणि नागाव यांच्या मधलं गाव. स्वराज्य आलं, मिठावरचा कर गेला आणि समुद्रकाठची आमची सरकारी मीठचौकी एका दिवसात बेकार झाली. त्यानंतर बारा वर्षं त्या दगडी इमारतीत वटवाघळं आणि भिकू शिपाई एवढेच राहत होते. एकोणसाठ साली विकास गटाकडून कागद आला. गावाने आपला आराखडा आपणच करून दिला आणि अंगमेहनत घातली, तर चौकी गावाची. नाहीतर लिलाव.

गावाला काय हवं होतं ते विचारायची गरजच नव्हती. आदल्या श्रावणात हिरामणची सून केसर बाळंतपणात अडली. खाटेवर घालून चिखलातून अलिबागला नेताना ती वाटेतच गेली. म्हणून चौकीत बाळंतिणींसाठी खोली आणि नर्स, पुढे बसायला बाग, आणि कोळीवाड्यापासून चौकीपर्यंत चार माणसांना खाट घेऊन धावता येईल अशी सरळ दगडी पायवाट, म्हणजे पाखाडी, असं ठरलं. चार संध्याकाळी सगळा गाव ओल्या वाळूवर जमला. दर घराने आपल्याला जे हवं तिथे शिंपला ठेवला. ते सगळं कागदावर उतरवलं मी, दत्तात्रेय मास्तराने. मी मुळात फूटपट्टीचा माणूस. पाखाडीची रेघ मी अशी ओढली की विकास गटाच्या साहेबांनी तिचं कौतुक केलं, आणि ते मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो.

त्या रेघेवर हिरामणने स्वतः खुंट्या ठोकल्या आणि काथ्याची दोरी बांधली. शुक्रवारी साहेब टेप घेऊन येणार होते. जमीन कागदाशी जुळली नाही तर प्रकरण रद्द, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. आणि आता केवड्याच्या बनाजवळच्या अकरा खुंट्या कुणीतरी उपटून गावाच्या बाजूला सरकवल्या होत्या.

"अंबाजीशेठचं काम हाय," हिरामण म्हणाला. "त्याला चौकी सुक्या मासळीच्या वखारीला पायजे. आज त्याचं टाळकं फोडतो."

शाळेच्या भिंतीशी गोदूबाई काथ्या वळत बसली होती. ती माहेरची नागावची. साठी उलटलेली, जिभेला धार, आणि पाखाडीची सगळी दोरी तिच्याच हातची. गावात कोंबडी हरवली तरी लोक आधी तिला विचारत आणि मग देवाला. तिने मान वर केली नाही.

"खुंट्या किती हायत आता?" तिने विचारलं.

हिरामणने बोटांवर हिशेब केला आणि थांबला. अकरा उपटल्या होत्या आणि चौदा ठोकल्या होत्या.

"ज्याला काम मोडायचं असतं, तो पदरच्या तीन खुंट्या घालत न्हाय," गोदूबाई म्हणाली. "त्याचं टाळकं शुक्रवारपर्यंत राहू दे."

२

शाळा मी मॉनिटरच्या स्वाधीन केली. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

जागेवर गेलो तर दोरी केवड्याच्या अलीकडे गावाकडे वळत होती, बनाला वळसा घालत होती आणि पलीकडे पुन्हा माझ्या रेघेला येऊन मिळत होती. माझी रेघ बनाच्या कडेच्या उघड्या वाळूतून जात होती. मला तर तो अपमानच वाटला. गोदूबाई मात्र वळणाकडे बघायच्या आधी त्या उघड्या वाळूत उकिडवी बसली.

"मास्तर, जुन्या खुंट्यांची भोकं कुठं हायत?"

भोकं नव्हती. अकराही जागी वाळू भरून, वरून तळहाताने दाबून सारखी केलेली होती. एका ठिकाणी बोटं उमटली होती. मी म्हटलं, चोराने माग पुसला असेल. ती म्हणाली, माग पुसायचा तर त्याने नव्या खुंट्या कशाला ठेवल्या?

मग तिने नव्या खुंट्यांमधलं अंतर मोजलं. कोळीवाड्यात दोरी आणि जाळं वावेने मोजतात. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. हिरामण ताडमाड. त्याची वाव चार हातांची भरते, आणि त्याने दर पाच वावांवर म्हणजे वीस हातांवर खुंटी ठोकली होती. नव्या खुंट्यांत अंतर साडेसतरा हात होतं. दुसऱ्या जोडीत साडेसतरा. तिसऱ्यातही तेवढंच.

"हेबी पाचच वाव हाय," गोदूबाई म्हणाली. "पण हात आखूड."

वळणामुळे दोरी कमी पडली होती. शेवटच्या दोन खुंट्यांमध्ये जोड होता, तो काथ्याचा नव्हता. जुन्या लुगड्याच्या मऊ, लांब पट्ट्या पिळून बांधल्या होत्या. गोदूबाईने गाठ सोडली, पट्टी नाकाशी धरली आणि कनवटीला खोचली. मी विचारलं, काय सापडलं. ती म्हणाली की अजून काही नाही. त्या वेळी ती पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलली, असं मला आता वाटतं.

३

सोमवारी सकाळी खुंट्या जागेवर होत्या आणि अंधारात एवढं मोजून ठोकता येत नाही, म्हणजे हे सोमवारी दुपारी झालं. सोमवार बाजाराचा दिवस. पुरुष दर्यात, बाया अलिबागला. त्या दुपारी गावात असलेली आणि पाखाडीवर राग असलेली माणसं तीन. गोदूबाईने काथ्याची गुंडाळी काखेत मारली आणि आम्ही निघालो. तिची युक्ती साधी होती. प्रत्येकाला म्हणायचं, माझे डोळे गेले, एवढी बारा वाव मोजून दे.

अंबाजीशेठ वखारीच्या दारात होते. चौकी मला हवीच आहे, लपवत नाही, असं ते आपणहून म्हणाले. लिलाव झाला तर मी बोली लावणार, नाही झाला तर गावाला दगड वाहायला माझी बैलगाडी फुकट देणार. केसर गेली त्या दिवशी त्यांचीच गाडी चिखलात रुतली म्हणून तिला खाटेवर घातलं होतं, आणि ते बोलताना त्यांनी खाली बघितलं. दोरी मोजायला मात्र त्यांनी आतून लोखंडी गज आणला. वाव कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काळूराम आगरी मिठागराच्या बांधावर भेटला. तो पाखाडीवर चिडलेला होता, कारण ती त्याच्या बांधाला घासून जाणार होती. पण नव्या वळणाने तर त्याची आणखी पाच-सहा हात जागा घेतली होती, आणि ते आमच्याकडून कळल्यावर त्याने आम्हा दोघांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. दोरी त्याने जमिनीवर टाकली आणि पावलांनी मोजली. मिठागरात सगळं पावलांनीच मोजतात.

उरला भिकू. चौकी गावाची झाली तर आपली मागची खोली जाणार, या धास्तीने त्याचं जेवण उडालं होतं. तो बुटका होता, वाव त्याला माहीत होती. माझी तर खात्रीच झाली. गोदूबाईने दोरी पुढे केली. भिकूने डावा हात ताणला आणि उजवा खांद्यापाशीच अडकला. मिठाची पोती उचलून तो खांदा कधीचाच गेलेला होता. तो ओशाळून हसला.

मी त्याला म्हटलं की आराखड्यात त्याची खोली तशीच आहे, बागेला पाणी घालायला माणूस लागणारच. मी ते कागदावर लिहिलं होतं, पण त्याला वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो आत गेला आणि आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

"तिघंबी न्हायत," बाहेर आल्यावर मी म्हणालो. गोदूबाईच्या संगतीत माझी भाषा बिघडते.

"तिघं नव्हतेच कधी," ती म्हणाली. "तुमाला खात्री पटावी म्हणून फिरवलं. आता मला जायचं हाय तिथं जायला माझा पाय उचलत न्हाय."

४

आम्ही चौकीच्या पडक्या कठड्यावर बसलो आणि तिने एकेक गोष्ट पुढ्यात मांडली.

ज्याने हे केलं त्याला पाखाडी हवी आहे. नको असती तर खुंट्या समुद्रात गेल्या असत्या. त्याला ती फक्त त्या उघड्या वाळूतून नको आहे. हात आखूड आणि माप वावेचं, म्हणजे कोळीवाड्यातली बाई. आणि भोकं बुजवली ती माग पुसायला नाही. त्या वाळूत खुंट्या ठोकलेल्या तिला बघवल्या नाहीत, म्हणून.

"सभेत पाखाडी दुसरीकडनं न्या असं कोन बोललं होतं, आठवा," ती म्हणाली.

मला आठवलं आणि लाज वाटली. तिसऱ्या संध्याकाळी बायजाबाय, आमची सुईण, उठून म्हणाली होती की पाखाडी जरा गावाच्या अंगानं न्या. का, असं मी विचारलं. ती खाली बसली. मागून कुणीतरी म्हणालं, नर्स येणार म्हणून म्हातारीच्या पोटात दुखतंय, आणि सगळे हसले. मीही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी रेघ ओढली.

गोदूबाईने कनवटीची पट्टी काढून माझ्या हातात दिली. उकळून उकळून पांढरी पडलेली, काठ फाडून टाकलेले, आणि एका कडेला हळदीचा पिवळा डाग. असल्या पट्ट्या गावात एकाच घरी गाठोडं बांधून ठेवलेल्या असतात. त्यांत नवं मूल गुंडाळतात.

"माझे तिन्ही पोरगे ह्याच्यात गुंडाळलेले," ती म्हणाली. "वासच सांगतो."

म्हणजे गाव हसलं तेच खरं, असं माझ्या मनात आलं. नर्स येऊ नये म्हणून म्हातारीने जमीन आणि कागद यांत फरक पाडला. मी तसं बोलून दाखवलं.

गोदूबाईने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "मास्तर, तुमाला लिवता-वाचता येतं, ते देवाचं उपकार," एवढंच ती म्हणाली.

५

बायजाबाय अंगणात पट्ट्या वाळत घालत होती. बुटकी, कमरेत वाकलेली. आम्हाला बघून तिने काहीच नाकारलं नाही. आम्हाला घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं आणि समोर बसली.

जे मूल पोटातच जातं, किंवा दोन-चार दिवसांचं होऊन जातं, त्याला जाळत नाहीत, पुरतात. एवढं मला ठाऊक होतं. माडखारची रीत अशी की ते न्यायचं सुईणीने, एकटीने. आईने भिंतीकडे तोंड करून पडायचं. कुठे नेलं ते तिला सांगायचं नाही, तिने विचारायचं नाही. जागा कळली की आई तिथे जाऊन बसते, तिचा जीव तिथेच अडकतो, आणि मग पुढचं मूल राहत नाही, असं मानतात. बायजाबायची सासू सुईण होती. तिने जागा दाखवली ती केवड्याच्या कडेची, भरतीचं पाणी न पोचणारी. तीस वर्षं बायजाबाय एकटीच तिथे गेली होती.

"एकतीस हायत," ती म्हणाली. "हिरामणनं खुंट्या ठोकल्या तवा मी बांधावर हुबी होती. दगडानं ठोकत हुता. त्याचा तरी काय दोष? त्याला काय ठावं?"

तिने सभेत का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगून काय दावू? थितं खूण न्हाय, काय न्हाय. एकेक आई येऊन विचारंल, माझं कुठलं. मास्तर, आता मलाबी सांगता येत न्हाय कुनाचं कुठलं. फकस्त तिथं हायत येवढंच."

तिने पदराने तोंड पुसलं. नर्सला तिचा विरोध आहे, असं गावात बोलतात, हे तिला माहीत होतं. तिने त्याचं उत्तरही दिलं, पण माझ्याकडे न बघता. "नर्स येऊ दे. चौकीबी होऊ दे, पाखाडीबी होऊ दे. माझ्या हातनं बत्तिसावं नको."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तुमची पोरगीबी थितंच हाय, मास्तर."

एक्कावन्न साली, आम्ही या गावात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. मी शाळेच्या अंगणात येरझारा घालत होतो. बायजाबायने बाहेर येऊन मान हलवली आणि नंतर गाठोडं घेऊन ती मागल्या दाराने गेली. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, असं मला सांगितलं गेलं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. कोकिळा, माझी बायको, महिनाभर बोलली नाही. पुढे आम्हाला मूल झालं नाही, आणि त्याविषयी आम्ही पुन्हा कधी एक अक्षरही बोललो नव्हतो. आणि आता त्या मुलीवरून मीच फूटपट्टीने रेघ ओढली होती.

बायजाबायने आमच्याकडून शब्द घेतला. कुणाला सांगायचं नाही. आयांना तर नाहीच. शब्द दिला. साहेबांना काय सांगायचं, हे मात्र ती आम्हाला सांगू शकली नाही.

६

शुक्रवारी सकाळी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चौकीच्या भिंतींवर त्यांनी हात फिरवला, बागेची जागा पावलांनी मोजली, भिकूच्या हातचा चहा घेतला. सगळा गाव मागून चालत होता. केवड्याजवळ येताच ते थांबले आणि त्यांनी नकाशा उलगडला.

"मास्तर, ही रेघ तर तुम्हीच काढली होती. इथे वाकडी का?"

मी तीन दिवस तयार केलेलं खोटं बोललो. म्हटलं, तिथली वाळू भुसभुशीत आहे, दगड बसणार नाही. साहेबांनी त्या वाळूत बूट दाबून बघितला. वाळू घट्ट होती. ते म्हणाले, मला तर काही भुसभुशीत दिसत नाही. मंजूर सरळ पाखाडी झाली आहे, बदलायचं तर तसं कारण लागेल, नाहीतर मला प्रकरण परत पाठवावं लागेल.

परत पाठवणं म्हणजे लिलाव. हे सगळ्यांना कळलं. हिरामणला आम्ही तीन दिवस नुसतं थांब म्हणून ठेवलं होतं. तो पुढे झाला.

"कारन काय न्हाय, साहेब. आता सरळ करतो," म्हणून त्याने वाकून पहिली खुंटी उपटली. मग दुसरी. ती घेऊन तो उघड्या वाळूकडे वळला आणि त्याने दगड उचलला. बायजाबाय लोकांच्या मागे होती. तिने डोळे मिटले. मी तोंड उघडलं, पण शब्द दिलेला होता.

"हिरामणभाऊ, तिथे नको."

कोकिळा बोलत होती. इतक्या वर्षांत तिने चार माणसांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती बायांच्या घोळक्यातून बाहेर आली आणि हिरामण आणि ती वाळू यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. साहेबांनी विचारलं, का नको. ती नुसती उभी राहिली.

मग काळूरामची बायको कृष्णाबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग एक म्हातारी, काठी टेकत. मग अंबाजीशेठच्या घरची. एकेक करून बाया जात होत्या आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. शेवटी हिरामणची बायको सत्यवती निघाली. तो तिच्याकडे बघत राहिला. ती रांगेत उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

हिरामणच्या हातातला दगड खाली पडला. तो मग मागे फिरला, खुंट्या जिथून काढल्या होत्या तिथे गेला आणि त्याने त्या परत ठोकल्या, दगडाने नाही, तळहाताने दाबून दाबून.

साहेबांनी आधी रांगेकडे, मग वाळूकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. कारकुनाला म्हणाले, लांबी किती वाढते? गोदूबाईनेच उत्तर दिलं, चाळीसेक फूट, दोरी माझ्या पदरची. साहेबांनी माझ्या नकाशावर आपल्या हाताने वळण काढलं, माझ्यापेक्षा बरंच वाईट, आणि बाजूला लिहिलं, ग्रामस्थांच्या मागणीनुसार. सही केली. चौकी आमची झाली.

माणसं पांगल्यावर बायजाबाय कोकिळेपाशी आली. तिने गोदूबाईकडे आणि माझ्याकडे रागाने बघितलं.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही," कोकिळा म्हणाली. "बायजाबाय, सगळा गाव समुद्रावर जाताना ह्या वाळूतून जातो. तुम्ही एकट्या केवड्याला वळसा घालून जाता. ऊन असो, डोक्यावर ओझं असो. आम्ही सगळ्या बघतो."

बायजाबाय खाली बसली. सत्यवती तिच्या शेजारी बसली, मग बाकीच्याही बसल्या. "मला वाटत हुतं, मी एकलीच ह्यास्नी संभाळते," असं ती म्हणाल्याचं मला ऐकू आलं. गोदूबाईने माझ्या दंडाला धरलं आणि तिथून दूर नेलं. आपलं काम संपलं, असं ती म्हणाली. आणि आयांनी आधीच सोडवलेलं कोडं आपण गावभर फिरून सोडवत होतो, हेही तिने ऐकवलं.

संध्याकाळी कोकिळा चुलीपाशी होती. मी पाटावर बसलो आणि तिला विचारलं, आपली मुलगी दिसायला कशी होती.

तिने हातातली पळी खाली ठेवली. भिंतीकडे तोंड करायच्या आधी तिने तिला बघून घेतलं होतं. ती सांगायला लागली, कपाळ, कान, डाव्या हाताची मूठ. भात करपल्याचा वास घरभर झाला, तरी आम्ही दोघंही उठलो नाही.